पिन दाबली की चालतो, मग बोर्ड कसा गेला?

‘दादा, नमस्कार. मी भुसावळचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चौदा महिन्यांपूर्वी वडिलांनी हप्त्यावर गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला. अडॅप्टर २३० वॉटचा, गोल पिनेचा. महिना झाला, चार्जिंग मधेच बंद पडतं, मधेच सुरू होतं. गेम चालू असला की पिन लावलेली असूनही टक्के उतरतात. दुपारी हे जास्त होतं. कधी कधी पिन जरा वर दाबली की लगेच चालू. मित्राचा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लावून पाहिला, त्यावर हळू पण न थांबता चार्ज झाला. इथल्या दुकानात दाखवला तर म्हणाले, मदरबोर्ड गेलाय, १८ हजार लागतील. वॉरंटी दोन महिन्यांपूर्वीच संपली. वडील म्हणतात, गेम खेळून खेळून वाट लावलीस. बोर्ड बदलू, बॅटरी बदलू की नवा अडॅप्टर घेऊ?’

मित्रा,

आधी ते १८ हजार खिशातच राहू दे.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तू जाता जाता लिहून गेलास: टाइप-सी वर न थांबता चार्ज होतो. दुकानात हे सांगितलं होतंस का? सांगितलं असतं तर ‘मदरबोर्ड’ हा शब्द इतक्या पटकन निघाला नसता असं मला वाटतं. तुझ्या लॅपटॉपमध्ये वीज शिरायला दोन दारं आहेत, एक गोल पिनेचं आणि एक टाइप-सी चं. बहुतेक लॅपटॉपमध्ये या दोन्ही वाटा पुढे बोर्डावर एकत्र येतात आणि चार्जिंग सांभाळणाऱ्या एकाच चिपमधून बॅटरीकडे जातात. आता एका दाराने आलेला पाहुणा नीट जेवून जातो आणि दुसऱ्या दाराने आलेला उंबऱ्यातच अडखळतो, तर खोट स्वयंपाकघरात शोधायची की उंबऱ्यात? बॅटरी चार्ज घेते आहे, ती चिप काम करते आहे. हे दोन मोठे खर्च तिथेच बाजूला पडले.

गोल पिनेच्या वाटेवर, बोर्डावरच, वीज आत सोडणारे एक-दोन मॉस्फेट, म्हणजे विजेचे छोटे स्विच, असतात आणि तेही जातात, हे खरं. पण गेलेला मॉस्फेट पिन वर दाबल्याने जिवंत होत नाही. पिन हलवल्यावर जे सुरू होतं ते जवळजवळ नेहमी लूज कॉन्टॅक्ट असतं: पिन, पिनेजवळची वायर किंवा लॅपटॉपमधला जॅक.

गेमिंग लॅपटॉपमध्ये हे दुखणं साध्या लॅपटॉपपेक्षा लवकर का उठतं ते समजून घे, म्हणजे पुढे काय करायचं ते आपोआप कळेल. तुझा अडॅप्टर २३० वॉटचा आहे आणि देतो साधारण २० व्होल्ट. भागाकार कर, साडेअकरा अँपिअर येतात. घरातला ७५० वॉटचा मिक्सर २३० व्होल्टवर जेमतेम सव्वातीन अँपिअर घेतो, आणि त्याच्या प्लगच्या पिना बघ केवढ्या जाड असतात. त्याच्या तिपटीहून जास्त करंट तुझ्या त्या करंगळीच्या नखाएवढ्या पिनेतून जातो. पिन घट्ट बसलेली असेपर्यंत काही बिघडत नाही. पण आतली स्प्रिंगची पात सैल झाली आणि तिथे नुसता ०.१ ओहमचा अडथळा तयार झाला, तरी पूर्ण लोडवर त्या एका ठिकाणी १३ वॉट उष्णता निघते. साधी छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. म्हणजे तिच्या निम्मी उष्णता प्लास्टिकच्या जॅकमध्ये. तापली की पात आणखी सैल होते, सैल झाली की आणखी तापते. म्हणून महिन्याभरापूर्वी कधीमधी होणारी गोष्ट आता रोज होऊ लागली आहे.

यावरून पहिली सूचना, आणि ही मी विनंती म्हणून करत नाही: पिन वर दाबून खेळणं आजपासून बंद. पिनेखाली वही सरकवणं, रबर बँड लावणं, कागदाची घडी कोंबणं, हे सगळे जुगाड मी पाहिले आहेत आणि त्यांतले काही काळे पडलेले जॅकही पाहिले आहेत. लॅपटॉपवर काम करावंच लागत असेल तर टाइप-सी लाव आणि गेम सोडून बाकीचं कर.

आता घरी बसून करायची तपासणी. त्यासाठी पेचकस लागत नाही, लागते एक वही. चार्जिंग तुटलं की तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजले, काय चालू होतं, किती टक्के होते. दोन दिवस पुरे. लोक ‘काय बिघडलं’ इथून सुरुवात करतात आणि सुटे भाग बदलत बसतात. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात ‘कधी बिघडतं’ हा प्रश्न आधी येतो.

सोबत एक चौथी गोष्टही बघ, ती फार कमी लोक बघतात. चार्जिंग तुटतं तेव्हा खालच्या पट्टीतल्या बॅटरीवरचं प्लगचं चिन्ह जातं, की चिन्ह राहतं आणि ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असं दिसतं? या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चिन्ह गेलं, स्क्रीन क्षणभर मंद झाली, तर वीज खरोखरच तुटली. चिन्ह राहिलं तर वीज येते आहे, पण लॅपटॉप ती बॅटरीत घालायला नकार देतो आहे. नकाराची कारणंही ठरलेली असतात: बॅटरी तापली आहे, ठरवून दिलेली मर्यादा गाठली आहे किंवा अडॅप्टर ओळखता आला नाही.

हे ओळखीचं प्रकरण जरा सांगतो. बऱ्याच कंपन्यांच्या गोल पिनेच्या मध्यभागी सुईसारखी बारीक पिन असते. वीज त्या सुईतून येत नाही. लॅपटॉप तिच्यावाटे अडॅप्टरला विचारतो, ‘तू किती वॉटचा?’ उत्तर आलं नाही तर तो सावध होतो, मशीन चालवतो पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही खाली आणतो. सुई वाकली, तिच्यावर धूळ बसली किंवा तिची केसासारखी वायर आत तुटली की नेमकं हेच होतं. काही मॉडेल सुरू होतानाच अडॅप्टर ओळखता येत नाही असा संदेश दाखवतात, आणि आपण तो न वाचताच एंटर मारतो. मोबाइलच्या टॉर्चमध्ये पिनेच्या आत बघ. सुई सरळ, मधोमध हवी. वाकलेली दिसली तर टाचणीने सरळ करायला जाऊ नकोस, ती मोडते.

मग भिंतीकडून लॅपटॉपकडे ये. एक्स्टेन्शन बोर्ड काढ आणि अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लाव. सॉकेटमधून चट-चट आवाज येत असेल किंवा प्लग ढिला बसत असेल तर आधी सॉकेट बदलून घे. भिंत ते अडॅप्टर ही जाड वायर अशा मोठ्या अडॅप्टरांना बहुतेक वेळा साध्या डेस्कटॉपची असते तीच असते. कॉलेजच्या लॅबमधून किंवा शेजारच्या कॉम्प्युटरवरून तासाभरासाठी आण आणि बदलून बघ. ही वायर अडॅप्टरच्या तोंडाशी ढिली बसते आणि दोष मात्र महागड्या अडॅप्टरवर जातो. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नसावं. चार्जिंगचा त्याच्याशी बहुधा संबंध नसतो, पण इलेक्ट्रिशियनला बोलाव.

अडॅप्टरवर छोटा दिवा असेल तर तो फुकटचा साक्षीदार आहे. चार्जिंग तुटलं त्या क्षणी दिवा विझला, तर गडबड भिंतीकडे किंवा अडॅप्टरच्याच पोटात. दिवा ठणठणीत पेटलेला आणि लॅपटॉप मात्र बॅटरीवर, तर गडबड पुढची: बारीक वायर, पिन, जॅक. गेममध्ये मोठी चकमक सुरू झाली की दिवा जातो आणि प्लग काढून मिनिटभराने लावला की परत येतो, असं होत असेल तर अडॅप्टर लोड पेलत नाही आणि स्वतःला वाचवायला बंद होतो. असा अडॅप्टर बदलायचाच.

दिवा पेटलेला राहत असेल तर पुढचं काम जपून करायचं. गेम बंद, लॅपटॉप टेबलावर. पिनेला हात न लावता आधी अडॅप्टरच्या अंगातून वायर निघते तिथे ती हलकेच वाकव. मग पिनेच्या मागची दोन-तीन इंच वायर वाकव, पिन दुसऱ्या हाताने स्थिर धरून. सगळ्यात शेवटी वायर मोकळी सोडून फक्त पिन किंचित फिरव. कुठल्या टप्प्यावर चिन्ह येतं-जातं, ते ठिकाण दोषी. हा क्रम मी फजितीतून शिकलो. दुरुस्तीच्या टेबलावर बसायचो त्या दिवसांत एकाचा अख्खा जॅक बदलला, लॅपटॉप परत जोडला, आणि चार्जिंग पुन्हा तुटलं. दोष होता पिनेमागे दोन इंचांवर, रबराच्या आत. तो माणूस रोज ऑफिसातून निघताना वायर अडॅप्टरभोवती गच्च गुंडाळायचा. रबर शाबूत आणि आतल्या तांब्याच्या तारा तुटलेल्या. जॅकचे पैसे मी घेतले नाहीत, पण लाज वाटायची ती वाटलीच.

मल्टिमीटर मिळाला तर? मिळाला तरी त्यावर फार भिस्त ठेवू नकोस. नुसत्या लटकत्या पिनेवर १९.५ किंवा २० व्होल्ट दिसतात आणि माणूस म्हणतो, अडॅप्टर चांगला आहे. दहापैकी नऊ तारा तुटल्या असल्या तरी हा आकडा तसाच दिसेल, कारण करंट वाहतच नाही. आकडा कोसळतो तो लोड पडल्यावर. त्यात मीटरचं टोक घसरून आतली बाजू आणि बाहेरची कडी एकत्र टेकली की अडॅप्टर शॉर्ट. त्यापेक्षा त्याच मॉडेलचा अडॅप्टर कुणाकडून तरी तासभर मिळव. वर्गात कुणाकडे ना कुणाकडे असेलच.

आता दुपारचं कोडं. तू पत्र लिहिलंस भुसावळहून, आणि उन्हाळ्यात. तुमच्याकडे पारा ४५च्या आसपास जातो हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करायची सर्वसाधारण वरची मर्यादाही ४५ अंशांच्याच घरात असते. स्लॅबखालची खोली, पोटात तापलेला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, आणि शेजारीच बॅटरी. लॅपटॉप अशा वेळी चार्जिंग थांबवतो. हा बिघाड नाही, उलट तो शहाणपणा करतो आहे. म्हणून तुझ्या वहीत दुपारच्या नोंदी ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ अशा निघाल्या आणि रात्री अकराला, गेम बंद असताना, त्या नाहीशा झाल्या, तर तेवढा भाग उन्हाळ्याच्या खात्यावर टाक. दुपारी चिन्हच जात असेल तर मात्र लूज कॉन्टॅक्टच, तापल्यावर आणखी सैल होणारा.

अडॅप्टर गादीवर किंवा गोधडीत ठेवत असशील तर फरशीवर ठेव, तोही घामाघूम होत असतो. लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटं उचल. आणि कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नकोस. खस-पाण्याची ती ओलसर हवा तुला बरी वाटते, जॅकला नाही.

गेम खेळताना टक्के उतरतात, याचा थोडा भाग कदाचित मुळातलाच असेल. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पूर्ण ताकदीने धावले की काही मॉडेलांत त्यांची मागणी अडॅप्टरच्या पलीकडे जाते आणि कमी पडणारी वीज बॅटरीतून घेतली जाते. तासाभरात पाच-दहा टक्के उतरले तर मी काळजी करणार नाही. वीस मिनिटांत तीस टक्के गेले तर अडॅप्टरची वीज पोचतच नाही. परफॉर्मन्स मोडवरून बॅलन्स्डवर ये आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम सेकंदाला ६०वर बांध, मग बघ. ६५ वॉटच्या टाइप-सी वर गेम खेळून ‘यावरही उतरतो’ असा निष्कर्ष मात्र काढू नकोस. त्या बिचाऱ्याची ताकदच पाव आहे.

सेटिंगचं थोडक्यात. कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी जपण्याची सोय असते, ती ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवते. तुझ्या वहीत तुटण्याचा टक्का दर वेळी तोच आला तर उत्तर तिथे आहे. बॅटरीचं आरोग्य बघायचं तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट, हे इंग्रजीत टाइप कर (powercfg /batteryreport). एक फाइल तयार होते. तीत मूळची क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर मावते ती क्षमता शेजारी-शेजारी दिसेल. चौदा महिन्यांत दहा-पंधरा टक्के झीज झाली असेल तर बॅटरी बदलायचं काही कारण नाही.

सगळे चार्जर काढून, लॅपटॉप बंद करून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरणं हा उपायही एकदा करून बघ. त्याने आतला कंट्रोलर नव्याने सुरू होतो. पिन दाबल्याने सुटणाऱ्या दुखण्यावर हे औषध नाही, पण फुकट आहे. बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट कर असं कुणी सांगेल, ते सध्या ऐकू नकोस. मधेच वीज तुटणाऱ्या मशीनवर बायोस अपडेट करणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलणं. तेव्हा मात्र बोर्ड खरोखरच जाईल.

एक गोष्ट आजच्या आज बघ. टचपॅड वर उचललेला, नीट न दबणारा, किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगणारा वाटतो का? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. मग वरचं सगळं विसर, चार्ज करूच नकोस, बंद करून दुकानात ने. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही आणि घंटागाडीत टाकायची नाही.

आता दुकानाचं. माझा अंदाज जॅक किंवा पिनेजवळची वायर असा आहे, तेव्हा जाऊन सरळ विचार: ‘या मॉडेलचा जॅक वायरवर आहे की बोर्डाला सोल्डर केलेला?’ अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये जॅक छोट्या वायरच्या टोकाला असतो आणि ती वायर बोर्डात खोचलेली असते. तो बदलणं म्हणजे मागचं झाकण उघडून जुनी वायर काढणं आणि नवी लावणं. सोल्डर केलेला असेल तर सफाईदार हात लागतो, तरी बोर्डाच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळच. ‘बोर्ड गेलाय’ म्हणाले तर नम्रपणे विचार, ‘बोर्डावरचा नेमका कुठला भाग?’ चिप-लेव्हल काम करणारा, म्हणजे बोर्डावरचा एकेक भाग दुरुस्त करणारा, कारागीर बोट ठेवून दाखवतो. जो दाखवू शकत नाही, तो बोर्ड बदलायलाच सांगणार, कारण त्याला तेवढंच येतं. त्याला वाईट म्हणू नकोस, दुसरं दुकान शोध. जळगावात चिप-लेव्हल काम करणारं कुणी सापडलं नाही तर मुंबईला जाणाऱ्या कुणाबरोबर लॅमिंग्टन रोडला पाठव. तिथे असे कारागीर अजून बसतात.

अडॅप्टरच दोषी निघाला तर त्याच कंपनीचा, तेवढ्याच व्होल्टचा, २३० वॉटचाच घे. ‘पिन बसते ना, मग चालतो’ म्हणून १२० वॉटचा गळ्यात मारतील. तो घेतलास तर तुझं हेच पत्र सहा महिन्यांनी पुन्हा येईल. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉप अडॅप्टरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापणं सक्तीचं आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कुठल्या कंपनीच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानातच, पैसे द्यायच्या आधी टाकून बघ.

वडिलांना काय सांगायचं? गेममुळे जॅक ढिला झाला, हे काही खरं नाही. पण पिन लावलेल्या अवस्थेत लॅपटॉप मांडीवरून गादीवर, गादीवरून टेबलावर ओढलास का, वायर ताणलेली असताना खेळलास का, हे तुझं तुला ठाऊक. तेवढं खरं असेल तर तेवढं कबूल कर. आणि जॅक बदलून झाला की बिल त्यांच्या हातात दे, १८ हजारांच्या शेजारी ठेवून त्यांनाच बघू दे.

दुकानात द्यायच्या आधी सबमिशनच्या फायली पेन ड्राइव्हवर काढून घे. आणि मागच्या वेळी लॅपटॉपबरोबर अडॅप्टर नेला होतास का, ते तुझ्या पत्रात नाही. नेला नसशील तर त्यांनी त्यांच्याकडचा लावून पाहिला असणार. या वेळी दोन्ही ने, वहीसकट.